विश्लेषण : नियमाने पगार ४ पौंड, हातात ६ पौंड... मँचेस्टर सिटीला अख्खा संघ विकायला लावणारा बिली मेरेडिथ कोण होता?

फेब्रुवारी २०२३ मध्ये इंग्लंडच्या प्रीमियर लीगने मँचेस्टर सिटीवर आर्थिक नियम मोडल्याचे शंभरहून अधिक आरोप ठेवले. त्यातला एक मुद्दा असा की, मॅनेजर आणि खेळाडूंना दिलेल्या पैशांचा पूर्ण तपशील क्लबने दाखवला नाही. क्लबने सगळे आरोप फेटाळले. आपल्याकडेही या बातमीची बरीच चर्चा झाली, कारण सिटीची मालकी असलेल्या समूहानेच २०१९ मध्ये मुंबई सिटी एफसीचे ६५ टक्के शेअर घेतले होते.

पण याच क्लबवर, जवळपास याच स्वरूपाचा ठपका त्याआधी ११७ वर्षे ठेवला गेला होता. १९०६ मध्ये सिटीच्या हिशेबवह्या उघडल्या गेल्या, ठरलेल्यापेक्षा जास्त पगार दिल्याचे सिद्ध झाले आणि १७ खेळाडूंना एका फटक्यात बाहेर काढण्यात आले. हे सगळे ज्याच्या जबानीने घडले तो सिटीचाच कर्णधार आणि त्या काळातला ब्रिटनमधला सर्वात मोठा फुटबॉल स्टार होता. नाव बिली मेरेडिथ. त्याच्यावर लाच दिल्याचा शिक्काही आहे आणि खेळाडूंची संघटना उभी केल्याचे श्रेयही.

खाणीतून मैदानात

मेरेडिथचा जन्म १८७४ चा, उत्तर वेल्समधल्या चर्क गावाजवळचा. कोळशाच्या खाणीवर जगणारा हा भाग. बाराव्या वर्षी तोही खाणीत उतरला. चर्कच्या शाळेत एक फुटबॉलवेडे शिक्षक होते आणि त्यांच्या हाताखालून वेल्सचे अनेक आंतरराष्ट्रीय खेळाडू तयार झाले. मेरेडिथ त्यांतलाच एक. उजव्या बगलेवरून चेंडू घेऊन धावणारा, सडपातळ, आणि खेळताना तोंडात कायम दात कोरायची काडी. व्यंगचित्रकारांना यापेक्षा जास्त काही लागत नसे.

१८९४ मध्ये नव्यानेच नाव बदलून उभ्या राहिलेल्या मँचेस्टर सिटीने त्याला घेतले. त्याला घ्यायला आलेल्या क्लबच्या माणसांना गावकऱ्यांनी तळ्यात ढकलले, असा किस्सा सांगितला जातो. खरे-खोटे बाजूला ठेवू, पण घरच्यांना, विशेषतः आईला, खेळून पैसे कमावणे हा धंदा पटत नव्हता हे नक्की. म्हणूनच की काय, करार झाल्यावरही सुरुवातीचा काही काळ त्याने खाणीतली नोकरी सोडली नाही. आठवडाभर जमिनीखाली काम, शनिवारी मँचेस्टरला सामना. त्याच नोव्हेंबरमध्ये न्यूटन हीथविरुद्ध, म्हणजे पुढच्या मँचेस्टर युनायटेडविरुद्ध, सिटी ५-२ ने हरली. सिटीचे दोन्ही गोल मेरेडिथचे होते.

४ पौंडांची मर्यादा का आली?

इंग्लंडमध्ये पैसे घेऊन फुटबॉल खेळायला १८८५ मध्ये अधिकृत परवानगी मिळाली. तीन वर्षांनी फुटबॉल लीग सुरू झाली आणि प्रेक्षक हजारोंनी यायला लागले. मोठ्या शहरांतल्या क्लबांकडे तिकिटांचा पैसा, लहान गावांतल्या क्लबांकडे नाही. चांगले खेळाडू पैशांच्या मागे जाणारच. ते थांबवायला फुटबॉल असोसिएशनने नियम केला आणि १९०१-०२ च्या हंगामापासून तो लागू झाला. कोणत्याही खेळाडूला आठवड्याला ४ पौंडांपेक्षा जास्त पगार नाही आणि सामना जिंकल्याचा बोनसही नाही.

४ पौंड तसे कमी नव्हते. कुशल कारागिराच्या मजुरीच्या साधारण दुप्पट. पण कारागीर साठीपर्यंत काम करतो, फुटबॉलपटूचा गुडघा पंचविशीतही जाऊ शकतो. शिवाय ही मर्यादा सगळ्यांना सारखी. ज्याला बघायला वीस हजार लोक येतात त्यालाही ४ आणि त्याच्या मागे उभ्या राहणाऱ्या नवशिक्यालाही फार तर ४. मेरेडिथचा राग नेमका इथे होता. गेटवर जमणारा पैसा क्लबच्या संचालकांना दिसतो, मग तो खेचून आणणाऱ्याला का मिळू नये, हा त्याचा प्रश्न आयुष्यभर टिकला.

पगाराइतकाच जाचक दुसरा नियम होता आणि तो समजल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. खेळाडूचा करार एका हंगामाचा असे. हंगाम संपला की क्लब त्याला राखून ठेवू शकत असे किंवा त्याच्यावर किंमत लावून विक्रीला काढू शकत असे. क्लबने परवानगी दिल्याशिवाय दुसरा लीग क्लब त्याला घेऊ शकत नसे, मग करार संपलेला असला तरी.

आमच्या इंजिनीअरिंगच्या बॅचमधल्या अनेकांनी पहिल्या नोकरीला लागताना दोन वर्षांचा बाँड सही केला होता. एका कंपनीने तर मूळ मार्कशीट ठेवून घेतल्या होत्या. जाच वाटला, पण त्या बाँडला निदान शेवटची तारीख होती. कल्पना करा, बाँड संपला, पगार थांबला, तरी कंपनी रिलीव्हिंग लेटर देत नाही आणि ते नसल्यामुळे देशातली कुठलीच कंपनी तुम्हाला घेत नाही. इंग्लिश फुटबॉलमध्ये ही पद्धत १८९३ पासून होती.

आणि किंमत लावली जायची ती किती? फेब्रुवारी १९०५ मध्ये मिडल्सब्रोने आल्फ कॉमन या खेळाडूसाठी संडरलंडला १००० पौंड मोजले. चार आकडी रकमेचा हा पहिला सौदा. कमाल पगार घेणाऱ्या खेळाडूची ही २५० आठवड्यांची, म्हणजे जवळजवळ पाच वर्षांची कमाई. यातले खेळाडूला कायद्याने काय मिळायचे? करारावर सही केल्याचे १० पौंड. बाकी सगळे क्लबकडून क्लबकडे.

सिटीकडे एवढे चांगले खेळाडू आले कसे?

१९०२ मध्ये सिटी पहिल्या विभागातून खाली घसरली. क्लबने टॉम मॅली या स्कॉटिश माणसाला मॅनेजर म्हणून आणले. दोन वर्षांत चित्र पालटले. संघ वर आला, १९०४ मध्ये लीगमध्ये दुसरा राहिला आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेस मैदानावर, ६० हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर, एफए कपचा अंतिम सामना बोल्टनविरुद्ध १-० ने जिंकला. गोल मेरेडिथचा, कर्णधारही तोच. मँचेस्टर शहराला मिळालेला हा पहिला मोठा फुटबॉल चषक.

इतक्या लवकर इतके यश मिळाले की शेजारी विचार करू लागतात. ४ पौंडच मिळणार असतील तर सगळे चांगले खेळाडू सिटीकडेच का जातात? असोसिएशनने १९०४ मध्येच क्लबचे हिशेब तपासायला घेतले. ग्लॉसप क्लबकडून घेतलेल्या दोन खेळाडूंच्या सौद्यात गडबड सापडली. सिटीला २५० पौंड दंड झाला, हाइड रोडचे मैदान काही काळ बंद ठेवावे लागले, काही संचालक निलंबित झाले. पण पगाराची खरी वही तेव्हा हाती लागली नाही.

ती असणार हे मात्र अनेकांना ठाऊक होते. मेरेडिथने नंतर सांगितल्याप्रमाणे १९०२ पासून त्याला आठवड्याला ६ पौंड मिळत होते. १९०३-०४ च्या हंगामात वर ५३ पौंड बोनस. संघातल्या एका सहकाऱ्याला तर त्याच्यापेक्षा दहा शिलिंग जास्त होते. नियमाने या सगळ्याला बंदी होती.

नेमके ‘१० पौंडांचे प्रकरण’ काय होते?

२९ एप्रिल १९०५. हंगामाचा शेवटचा दिवस. सिटीला विजेतेपदाची अजून आशा होती आणि सामना अॅस्टन व्हिलाच्या मैदानावर. सामना हाणामारीचा झाला, सिटी ३-२ ने हरली, विजेतेपद न्यूकॅसलला गेले. सामन्यानंतरही दोन्ही संघांतले खेळाडू एकमेकांवर धावून गेले. असोसिएशनने या भांडणाची चौकशी सुरू केली आणि त्यातून भलतेच बाहेर आले. व्हिलाचा कर्णधार अॅलेक लीक याने सांगितले की, सामना सोडावा म्हणून मेरेडिथने आपल्याला १० पौंड देऊ केले होते.

मेरेडिथने आधी नाकारले. असोसिएशनने त्याला दोषी धरले आणि एप्रिल १९०६ अखेरपर्यंत त्याच्यावर बंदी घातली. या काळात क्लबनेही त्याच्याशी संबंध ठेवायचा नव्हता. म्हणजे पगार बंद.

मेरेडिथची अपेक्षा होती की क्लब गुपचूप सांभाळून घेईल. आजवर गुपचूपच तर सगळे चालले होते! पण सिटीवर आधीच असोसिएशनची नजर होती. क्लबने हात वर केले. मेरेडिथ पैसे मागायला क्लबच्या दारात यायला लागला, आणि १९०६ च्या सुरुवातीला क्लबनेच असोसिएशनकडे तक्रार केली की हा बंदी असलेला माणूस आमच्याकडे पगार मागतो आहे.

ही चूक क्लबला फार महाग पडली. मेरेडिथने तोंड उघडले. मर्यादेपेक्षा जास्त पगार, बोनस, सगळे त्याने सांगितले. शिवाय लाचेची कल्पना मॅनेजरची होती आणि संघालाही ती माहीत होती, असेही. मॅलीला पुढे शिक्षा झाली ती पगारांसाठी, लाचेसाठी नव्हे.

इथे एक गोष्ट स्पष्ट म्हणायला हवी. मेरेडिथने सत्य सांगितले ते नियम अन्यायाचा आहे म्हणून नाही. स्वतःचे पैसे अडले म्हणून सांगितले. त्याच्यावर लिहिताना अनेक जण हा भाग भरभर ओलांडतात. त्याच्या जबानीने ज्यांची नोकरी गेली त्यांतल्या बहुतेकांनी कुणाला लाच दिली नव्हती, त्यांनी फक्त मिळालेला पगार घेतला होता.

१७ खेळाडूंचे काय झाले?

मे १९०६ च्या अखेरीस निकाल लागला. मॅनेजर मॅली आणि क्लबचा माजी अध्यक्ष यांना फुटबॉलमधून बेमुदत हद्दपार करण्यात आले. क्लबला २५० पौंड दंड झाला. १७ आजी-माजी खेळाडूंना मिळून ९०० पौंड दंड, १ जानेवारी १९०७ पर्यंत खेळण्यास बंदी आणि सिटीकडून पुन्हा कधीही खेळण्यास मनाई. मेरेडिथच्या वाट्याला १०० पौंड दंड आला. आठवड्याला २ पौंड जास्तीचे धरले तर ही वर्षभराची वरकमाई झाली.

मॅलीचे म्हणणे होते की, इंग्लंडमधले इतर क्लब जे करतात तेच आपण केले. ते खोटे नसावे. मिडल्सब्रोच्या संचालकांवरही त्याच सुमारास बेकायदा पैसे दिल्याबद्दल कारवाई झाली होती. मॅलीवरची बंदी पुढे १९१० मध्ये उठली आणि तो पुन्हा मॅनेजर झाला. ज्या गुन्ह्यासाठी माणसाला जन्मभराची शिक्षा दिली तो चार वर्षांत माफ होत असेल, तर शिक्षा देणाऱ्यांचाही त्या नियमावर किती विश्वास होता, हा प्रश्न पडतोच.

संघच उरला नाही म्हटल्यावर सिटीची अवस्था वाईट झाली. १ सप्टेंबर १९०६ ला कडक उन्हात वूलिच आर्सेनलविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात एकेक खेळाडू उष्म्याने बाहेर गेला, शेवटी सहा जण उरले आणि ४-१ असा पराभव झाला. दोनच दिवसांनी एव्हर्टनने ९-१ ने हरवले.

राहिलेला भाग अधिक लाजिरवाणा. बंदी संपत आली तसे मँचेस्टरमधल्या क्वीन्स हॉटेलमध्ये सिटीने आपले निलंबित खेळाडू विक्रीला मांडले. इतर क्लबांचे प्रतिनिधी आले, बोली लागल्या. आयपीएलचा लिलाव पाहिलेल्यांना यात नवल वाटणार नाही, पण आयपीएलमधली बोलीची रक्कम खेळाडूच्या खिशात जाते. इथे ती सिटीच्या तिजोरीत जात होती. जास्त पगार दिला म्हणून दोषी ठरलेल्या क्लबने, जास्त पगार घेतला म्हणून दोषी ठरलेले खेळाडू विकून पैसे केले, आणि यात असोसिएशनला काही वावगे दिसले नाही.

या बाजारात सर्वात हुशार निघाला तो मँचेस्टर युनायटेडचा अर्नेस्ट मँगनॉल. इतर जण हॉटेलात पोचायच्या आधीच त्याने हवे ते खेळाडू ठरवून ठेवले होते. मेरेडिथ, सँडी टर्नबुल, हर्बर्ट बर्जेस आणि जिमी बॅनिस्टर हे चौघे युनायटेडकडे गेले. १ जानेवारी १९०७ ला, बंदी संपल्याच्या पहिल्याच दिवशी, युनायटेडचा सामना होता. प्रतिस्पर्धी? अॅस्टन व्हिला. मेरेडिथच्या पासवर टर्नबुलने गोल केला आणि युनायटेड १-० ने जिंकली. पुढच्या वर्षी युनायटेडने पहिल्यांदा लीग जिंकली, १९०९ मध्ये एफए कप, १९११ मध्ये पुन्हा लीग. ज्या युनायटेडचे टी-शर्ट आज पुण्या-मुंबईच्या रस्त्यावर दिसतात, तिच्या पहिल्या सुवर्णकाळातले अर्धे सोने सिटीच्या त्या विक्रीतून आले.

संघटना का काढली?

एप्रिल १९०७ मध्ये युनायटेडचा टॉमी ब्लॅकस्टॉक राखीव संघाच्या सामन्यात चेंडूला डोके लावल्यावर कोसळला आणि गेला. त्याच्या कुटुंबाला भरपाई मिळाली नाही. फुटबॉलपटू हा कामगार आहे की नाही, हा प्रश्न तोवर वर्तमानपत्रात वादाचा विषय होता. आता तो ड्रेसिंग रूममध्ये आला.

२ डिसेंबर १९०७ ला मँचेस्टरच्या इम्पिरियल हॉटेलमध्ये खेळाडूंची बैठक झाली. अध्यक्षस्थानी मेरेडिथ. त्या दिवशी स्थापन झालेली संघटना नावे बदलत आजही इंग्लंडच्या व्यावसायिक फुटबॉलपटूंचे प्रतिनिधित्व करते. मागण्या साध्या होत्या. वेतनमर्यादा काढा, खेळाडूला क्लब बदलू द्या, दुखापतीची भरपाई द्या.

दरम्यान असोसिएशनने १९०८ मध्ये ट्रान्सफर फीवरही ३५० पौंडांची मर्यादा घालून पाहिली. क्लबांनी लगेच पळवाट काढली. हव्या त्या खेळाडूसोबत एक-दोन नको असलेले खेळाडू कागदोपत्री जोडायचे आणि प्रत्येकाचे वेगळे पैसे लावायचे. काही महिन्यांत नियम गुंडाळला. पगाराची मर्यादा मात्र, तीच पळवाट दिसत असूनही, ठेवली गेली. का, ते उघड आहे. ट्रान्सफरच्या मर्यादेचा त्रास क्लबना होत होता, पगाराच्या मर्यादेचा खेळाडूंना.

१९०९ मध्ये संघटनेने देशातल्या कामगार संघटनांच्या महासंघात जायचे ठरवले, तेव्हा असोसिएशन बिथरली. १ जुलैच्या आत संघटना सोडा, नाहीतर निलंबन, असा आदेश निघाला. बहुतेक क्लबांचे खेळाडू माघारी फिरले. युनायटेडचे फिरले नाहीत. मैदान मिळाले नाही तर त्यांनी फॅलोफील्डला सराव केला, आणि फोटो काढताना समोर पाटी ठेवली. पाटीवर संघाचे नाव लिहिले होते, आउटकास्ट्स एफसी. बहिष्कृतांचा संघ. फोटो गाजला, इतर क्लबांचे खेळाडू परत यायला लागले आणि हंगाम सुरू होण्याच्या तोंडावर ऑगस्टच्या शेवटी तडजोड झाली. असोसिएशनने संघटनेला मान्यता दिली, बोनसवरची बंदी सैल केली. संघटनेने महासंघात जायचा हट्ट सोडला. वेतनमर्यादा जिथल्या तिथे. मेरेडिथ या तडजोडीवर खूश नव्हता. बाकीच्यांना मात्र घर चालवायचे होते. मेरेडिथचीही स्थिती वेगळी नव्हती, मँचेस्टरमधले त्याचे खेळाच्या सामानाचे दुकान त्याच वर्षी आगीत गेले होते.

ट्रान्सफरच्या नियमाला कोर्टात आव्हान देण्याचा प्रयत्न १९१२ मध्ये झाला. हॅरी किंगाबी या खेळाडूवर अॅस्टन व्हिलाने लावलेल्या किमतीमुळे त्याला दुसरीकडे जाता येत नव्हते. संघटनेने त्याच्या मागे पैसा उभा केला. खटला हरला आणि खर्चाने संघटनाच मोडकळीला आली.

शेवट कसा झाला?

एप्रिल १९१५ मध्ये युनायटेड-लिव्हरपूल सामना सट्ट्यासाठी आधीच ठरवून खेळला गेला. टर्नबुलसह अनेकांवर आजन्म बंदी आली. त्या सामन्यात मेरेडिथ खेळत होता, पण या वेळी त्याच्यावर दोष आला नाही. आपल्याकडे कोणी चेंडूच देत नव्हते तेव्हाच शंका आली, असे त्याने नंतर कोर्टात सांगितले. टर्नबुल १९१७ मध्ये पहिल्या महायुद्धात मारला गेला.

युद्धानंतर पंचेचाळिशीतल्या मेरेडिथचे युनायटेडशी भांडण झाले, अर्थात ट्रान्सफरवरूनच. आपल्यावर किंमत लावू नका, मोकळे सोडा, असे तो म्हणत होता. १९२१ मध्ये तो अखेर सिटीत परतला. ज्या क्लबकडून पुन्हा कधीही खेळायचे नाही अशी शिक्षा झाली होती, त्याच क्लबकडून तो १९२४ मध्ये एफए कपचा उपांत्य सामना खेळला. वय ४९. न्यूकॅसलविरुद्धचा तो सामना सिटी हरली आणि मेरेडिथने बूट काढले. वेल्सकडून तो ४८ सामने खेळला होता, त्यातला शेवटचा १९२० मध्ये, इंग्लंडविरुद्ध, जिंकलेला.

पुढची वर्षे त्याने मँचेस्टरमध्ये पब चालवला. एप्रिल १९५८ मध्ये, म्युनिकच्या विमान अपघाताला जेमतेम दोन महिने झाले असताना, ८३ व्या वर्षी तो गेला. शहर अजून युनायटेडच्या मेलेल्या तरुण खेळाडूंसाठी रडत होते, म्हाताऱ्या विंगरची बातमी त्यात दबली. तेव्हाही इंग्लंडमध्ये कमाल वेतनाचा नियम लागू होता. खेळाडूंच्या संघटनेने संपाची धमकी दिल्यावर जानेवारी १९६१ मध्ये तो उठला, आणि करार संपल्यावरही खेळाडूला अडकवून ठेवणारी पद्धत बेकायदा असल्याचा निकाल कोर्टाने १९६३ मध्ये जॉर्ज ईस्टहॅमच्या खटल्यात दिला.

मँचेस्टरच्या सदर्न सिमेटरीत मेरेडिथच्या कबरीवर चार दशकांहून अधिक काळ नावाची पाटी नव्हती. २००१ मध्ये तिथे दगड बसवला गेला. त्याचा खर्च खेळाडूंची संघटना, वेल्सची फुटबॉल असोसिएशन, मँचेस्टर युनायटेड आणि मँचेस्टर सिटी या चौघांनी मिळून केला.